बाभळींचं घड्याळ: एका माळावर इतक्या बहिणी नांदतात कशा?

नमस्कार मंडळी. टांझानियातल्या मकोमाझी राष्ट्रीय उद्यानावरचा व्हिडिओ टाकल्यापासून खाली सारखा एकच प्रश्न येतोय: “ताई, नजर जाईल तिथे बाभळीच, मग एक दुसरीला हुसकावत कशी नाही?”

सॅव्हाना म्हणजे गवताळ माळ आणि त्यात विरळ झाडं. पाऊस बेताचा, वणवे ठरलेले, चरणारी जनावरं भरपूर. हे तुम्हाला ठाऊक आहे. जागेची वाटणीही सोपी. ड्रेपॅनोलोबियम नावाची बाभूळ काळ्या चिकण जमिनीत, दुसरी कुणी खडकाळ उतारावर. आपल्याकडे नाही का, ओढ्याकाठी बाभूळ आणि मुरमाड टेकडीवर खैर? झालं. पुढे.

हां, बाभळीच्या शास्त्रीय नावावरून “अकेशिया नाही, वॅचेलिया म्हणा” असं दर व्हिडिओखाली लिहिणाऱ्यांना: मान्य! 2005 साली व्हिएन्नाच्या वनस्पतिशास्त्र परिषदेत अकेशिया हे नाव ऑस्ट्रेलियातल्या झाडांच्या वाट्याला गेलं. आपली बाभूळ वॅचेलिया झाली, खैर सेनेगालिया. मी बाभूळच म्हणणार. आणि वेडी बाभूळ यांची बहीण नव्हे, ती अमेरिकेतून आलेली पाहुणी.

आता खरी मेख. एकाच जागी, एकाच महिन्यात तीन-चार जाती फुलल्या आणि मधमाश्यांसारख्या माश्याही त्याच. यातल्या बऱ्याच फुलांत मध नसतोच, माशी येते ती परागासाठी. तिने एकीचा पराग दुसरीवर नेऊन टाकला तर?

ग्रॅहम स्टोन, पॅट विल्मर आणि अलेक्झांड्रा रो या जीवशास्त्रज्ञांनी 1990च्या दशकात मकोमाझीत हेच तपासलं. ज्या जातींची जागा, मोसम आणि कीटक तिन्ही एकच, त्यांची पराग सोडण्याची वेळ दिवसाच्या वेगवेगळ्या प्रहरांत निघाली. एका जातीची झाडं मात्र साधारण एकाच सुमाराला पराग सोडतात.

नीट ऐका, इथेच सगळे घसरतात. फूल उमलण्याची वेळ नाही, पराग सुटण्याची वेळ! फूल दिवसभर उमललेलं दिसेल, पण दुकान उघडं असून माल संपलेला असू शकतो.

मी स्वतः आपटले आहे. सासवडच्या पुढे एका माळावर दुपारी दोनला कॅमेरा लावला. झाड पिवळंधमक, माशी एक नाही. चपलेत काटा गेला तो वेगळाच. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच झाडाखाली उभं राहिल्यावर घूं घूं ऐकू आली. मोसम बरोबर होता, घड्याळ चुकलं होतं.

माशीच्या बाजूने बघा. शाळेच्या मुलांचे रिक्षावाले काका असतात ना? एकच रिक्षा, तीन शाळा. तिन्ही एकदम सुटल्या तर जोशांचा बंड्या पाटलांच्या दारात. एक अकराला, एक साडेबाराला, एक दोनला सुटली की रिक्षाही तीच आणि मुलंही आपापल्या घरी.

आता झाडाच्या बाजूने. (गोंडा कॅमेऱ्याजवळ.) हा पिवळा गोंडा म्हणजे एक फूल नव्हे, कितीतरी बारीक फुलं. बाभळीचा पराग सुटा नसतो, त्याची गठडी असते, बहुतेक जातींत 16 कणांची. आणि फुलाच्या मादी भागाच्या टोकावरची वाटी इतकी चिमुकली की तीत एकच गठडी मावते. आपल्या जातीची बसली तर त्या एका गठडीवर अख्खी शेंग धरू शकते, सगळं बी एकाच बापाचं. परकी बसली तर जागा अडली, शेंग नाही. म्हणून वेळ चुकणं महागात पडतं.

“म्हणजे झाडांनी समजुतीने वेळा वाटून घेतल्या!” असं कुणीतरी लिहिणारच. अहो, झाडांची मीटिंग होत नाही. ज्यांच्या वेळा शेजारणीशी आदळल्या त्यांना शेंगा कमी धरल्या असणार, पिढ्यान्‌पिढ्या. आणि घड्याळाने फक्त परागाचा तंटा मिटतो. पाण्यासाठी मुळांची ओढाताण, जिराफ, वणवा हे हिशेब वेगळे.

मकोमाझीच्या त्या भागातली निलोटिका नावाची जात म्हणजे आपलीच बाभूळ बरं का, फक्त उपजात वेगळी. तेव्हा तुमच्या बांधावरची फुलली की फोटो नको, खूप आहेत माझ्याकडे. माश्या किती वाजता आल्या आणि किती वाजता गेल्या, गावाच्या नावासकट तेवढं लिहा.