पाषाणचा पाऊस, गणेशखिंडीतलं आकाश

नमस्कार श्रोतेहो.

पुण्यात झालेलं संशोधन पुणेकराला वाचता यावं, यात विशेष ते काय, असं तुम्हाला वाटेल. पण वर्षानुवर्षं तसं नव्हतं. शोधनिबंध परदेशी नियतकालिकांत छापले जायचे आणि त्यातला एखादा घरी वाचायचा तर दोन-तीन हजार रुपये मोजावे लागायचे. संशोधनाचा खर्च मात्र बहुतेकदा आपल्याच करातून झालेला. हे मला फार अन्यायाचं वाटत आलं आहे. आता पुष्कळ निबंध कोणालाही मोफत वाचता येतील असे प्रसिद्ध होतात, म्हणून आज हा विषय घेतला.

पावसाचंच पाहा. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने झालेला एक अभ्यास २०१७ साली ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये आला. १९५० ते २०१५ या काळातल्या नोंदी तपासल्यावर दिसलं की मध्य भारतात दिवसाला १५० मिलिमीटरहून जास्त, तोही मोठ्या भूभागावर कोसळणारा पाऊस तिपटीने वाढला आहे. आणि याच पट्ट्यात मोसमी पावसाची एकूण सरासरी घटत होती! म्हणजे पाऊस कमी, पण पडला की धो धो. कारणही निबंधात दिलंय: उत्तर अरबी समुद्र तापल्यामुळे पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्यांचे चढउतार वाढले आणि ते अधूनमधून बाष्पाचे लोटच्या लोट जमिनीवर आणून टाकतात. पेरणीची तारीख ठरवणाऱ्या शेतकऱ्याला, नाल्याची रुंदी ठरवणाऱ्या अभियंत्याला ही माहिती हवीच. नकाशे आणि आलेख त्या निबंधात आहेत, मोबाइलवर उघडतात.

खुलेपणाचा फायदा शास्त्रज्ञांनाही होतो. जेम्स वेब दुर्बिणीची सर्वांसाठी खुली केलेली निरीक्षणं वापरून गणेशखिंडीतल्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राच्या संशोधकांना एक सर्पिल दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांचा भोवऱ्यासारखा प्रचंड समूह, सापडली. २०२५ मध्ये ती जाहीर झाली, नाव अलकनंदा. विश्व अवघं दीडशे कोटी वर्षांचं असताना इतकी रेखीव दीर्घिका तयार झाली होती, हे जुन्या समजुतींना धक्का देणारं आहे. दुर्बीण अंतराळात, पण शोध लागला तो पुण्यात.

नारायणगावजवळच्या खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीनेही २०२३ मध्ये अतिमंद गुरुत्वीय लहरींच्या, म्हणजे अवकाश-काळातच उठणाऱ्या फार संथ तरंगांच्या, शोधात वाटा उचलला. त्या निबंधात ‘पुरावा’ असा शब्द आहे, ‘सिद्ध झालं’ असा नाही. बातमीत हा फरक अनेकदा पुसला जातो; मूळ निबंध हाती असला की तो दिसतो.

एक काळजी मात्र घ्या. ‘आर्काइव्ह’सारख्या संग्रहांवर तज्ज्ञांकडून तपासणी व्हायच्या आधीचे मसुदेही असतात. मसुदा आहे की छापील निबंध, हे आधी बघा.

केंद्र सरकारची ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजना २०२५ पासून सुरू झाली आहे. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये. त्यातून सरकारी उच्च शिक्षणसंस्थांमधल्या विद्यार्थ्यांना हजारो नियतकालिकं मिळतात, ही मोठीच गोष्ट. पण जुन्नरच्या शाळेतले शिक्षक किंवा मावळातला शेतकरी त्या योजनेत बसत नाहीत. त्यांच्यासाठी खुला निबंधच हवा, आणि सोबत एक पान मराठी सारांशही. पुण्यातल्या संस्थांनी तो प्रत्येक निबंधाबरोबर द्यावा, अशी माझी त्यांना आग्रहाची विनंती आहे. नमस्कार.