भरणाऱ्यानं काय घोडं मारलं?

नमस्कार श्रोतेहो. शेतकऱ्याचं कर्ज माफ होतं, मग पोरांचं शिक्षणाचं कर्ज का नाही? हा प्रश्न हल्ली पारावर निघतोच. त्यावरून मला दारव्ह्याकडच्या दोघा भावांची गोष्ट आठवते. ती आधी सांगतो, बाकीचं मागून.

वाटणी झालेली, दोघांकडे चार-चार एकर कोरडवाहू. २००८ साल. थोरल्यांनी जानेवारीत कापूस विकला आणि सोसायटीचं कर्ज भरून टाकलं. धाकट्यांनी भरलं नाही. २९ फेब्रुवारीला दिल्लीत चिदंबरम साहेबांनी अर्थसंकल्प मांडला, पाच एकरांपर्यंतवाल्यांचं थकलेलं पीककर्ज माफ! धाकट्यांचा सातबारा कोरा झाला. थोरल्यांना गावानं नाव ठेवलं, ‘भरणारे काकाजी’.

पुढे काकाजींची पोरगी नागपूरला नर्सिंगला गेली. चार लाखांच्या आतलं कर्ज, तारण नाही, पण सहकर्जदार म्हणून बापाची सही. उत्पन्नाचा दाखला वेळेत पोचला नाही, म्हणून केंद्राची व्याजसवलत हुकली. पोरगी दुसऱ्या वर्षाला असताना काकाजी बँकेत पैसे घेऊन हजर. बाबू म्हणाला, “काकाजी, आता कायले भरता? शिक्षण होऊन वर्ष झालं की मग हप्ते.”

“व्याज तं चढते ना?”

“चढते.”

“मंग घ्या.”

शिकत असतानाच व्याज भरत गेलं की बऱ्याच बँका व्याजदरात एक टक्का सूट देतात. ती काकाजींना मिळाली. पोरगी नोकरीला लागली तेव्हा मुद्दल होतं तेवढंच होतं.

धाकट्यांचा पोरगा इंजिनिअरिंगला. एजंटानं सांगितलं होतं, “घ्या बिनधास्त, पुढं माफच होते.” (या एजंटांना एकदा भर उन्हात निंदणाला लावलं पाहिजे, हे माझं जुनं मत आहे.) व्याज साचून मुद्दलात मिळालं, हप्ता फुगला, नोकरी लागेना. बापाची सही होतीच. ट्रॅक्टरसाठी गेले तर बँकेनं सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा जुना हिशेब, दाखवून परत पाठवलं.

मग निवडणूक आली आणि पारावर विषय निघाला, शिक्षणाचं कर्ज माफ झालं पाहिजे. सगळ्यांना वाटलं, काकाजी भडकणार. काकाजींनी तंबाखू मळली, तोंडात टाकली आणि म्हणाले, “होऊ द्या ना माफ. माहा पुतण्या सुटंल. फक्त यंदा मले जानेवारीच्या आधी सांगजा.”

श्रोतेहो, पार हसला. पण बघा, पुढच्या जानेवारीत कोणी भरलं असतं का? माफीची नुसती चाहूल लागली तरी भरणारा हात आखडतो. २०१९ च्या शेतकरी कर्जमुक्तीत महाराष्ट्र सरकारलाही हे उमगलं आणि नियमित फेडणाऱ्यांना ५० हजारांपर्यंत प्रोत्साहन ठरलं. मिळायला मात्र पुढची काही वर्षं गेली. अमेरिकेतही हाच वाद. तिथं १० हजार डॉलरपर्यंत, काहींना २० हजारांपर्यंत शिक्षणकर्जाची माफी ठरली होती. जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती रद्द केली.

माझं म्हणणं, पाऊस शेतकऱ्याच्या हातात नाही, कॉलेज आपण निवडतो. ज्याच्या घरात कोणी कॉलेजची पायरी चढलं नाही तो शेतमजूरही साबणाच्या वडीवर कर भरतो. त्याच्या पैशातून इंजिनिअरचं कर्ज का फेडायचं? ज्या पोराला नोकरीच नाही त्याचा हप्ता थांबवा, मुदत वाढवा, व्याज सोडा. सरसकट मात्र नको. आणि बापानं कर्जावर सही करताना फी, वसतिगृह, नोकरी लागलेल्या पोरांचे पगार विचारावेत. लग्नात डीजेवाल्याशी दोन तास घासाघीस करणारे आपण, तिथं गप्प का बसतो?

यंदा कोणाचं पोरगं प्रवेश घेत असेल तर उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढा. केंद्राच्या विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांसाठी, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलत आहे. दाखला नसेल तर तीही हुकेल. आणि जूनमध्ये सेतू केंद्रावर किती गर्दी असते, ते तुम्हाला माहीत आहे. नमस्कार.