कुंकू आणि गंज

मंडळी, सोबत काही आणलेलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. पुढच्या रांगेतल्या पोरांचा हिरमोड झालेला दिसतोय, पण हत्यार चारचौघांत मिरवायचं नसतं.

मी मूळचा गिरणीतला फिटर. गिरणी बंद पडल्यावर बंदुका दुरुस्त करणाऱ्या एका परवानाधारक उस्तादांच्या हाताखाली लागलो, पुढे माझाही परवाना झाला. तो लागतोच. 1959च्या शस्त्र कायद्याचं कलम 5 दुरुस्तीलाही लागू आहे. मागाचा धोटा बदलला, तसं हे घरी बसून करायचं काम नव्हे.

दोन वर्षांपूर्वी दक्षिण सोलापुरातला एक मुलगा आला. आजोबा वारले, हत्यार ठाण्यात जमा झालं, परवाना नातवाच्या नावावर झाला आणि मग ते माझ्या टेबलावर आलं, आपल्या सोलापुरी चादरीत गुंडाळून. बर्मिंगहॅमच्या वेब्लीचं .32 बोअरचं रिव्हॉल्व्हर. हे मधून मोडतं. घोड्यापुढची खिट्टी दाबली की नळी खाली झुकते आणि काडतुसं बसतात त्या चक्रीतला ताऱ्याच्या आकाराचा भाग सगळी काडतुसं एकदम वर उचलतो. याचा सांधा मात्र जाम होता. जे उघडत नाही ते भरलेलंच धरायचं. चक्रीमागच्या फटीत बॅटरीचा उजेड टाकून काडतुसाच्या पितळेची कड कुठे दिसते का ते पाहिलं. रिकामं होतं. मग चहा मागवला.

"काका, लई गंजलंय ओ, घासून चकचकीत करा."

भिंगाखाली धरलं. अक्षरांच्या खाचांत लाल काहीतरी घट्ट बसलेलं. बांबूच्या काडीनं टोकरलं, बोटावर चोळलं. गंज कुठला, कुंकू! दर खंडेनवमीला पूजा होत आलेली, वर्षानुवर्षांचं कुंकू थरावर थर चढलेलं. खरा गंज निघाला चक्रीच्या शेजारी, रुपयाएवढा गोल. तिथे ओल्या झेंडूचं फूल ठेवत असणार, आणि पूजा झाली की तसंच कातडी म्यानात. कातडं ओल धरून ठेवतं. आपल्या कोरड्या हवेतही लोखंड खायला तेवढं पुरतं.

मुठीच्या पट्ट्या काढून बाकीचं आठ दिवस रॉकेलमध्ये ठेवलं. या स्क्रूंच्या खाचा फार बारीक. बाजारचं स्क्रूड्रायव्हर घातलं की कडा फाटल्याच. म्हणून प्रत्येक खाचेपुरतं पातं मी स्वतः घासून घेतो. निम्मा वेळ यातच जातो, आणि त्याची मजुरी गिऱ्हाइकाला कधी पटत नाही! लाल गंज तांब्याच्या पट्टीनं हलकेच खरवडला. तांबं पोलादापेक्षा मऊ, ओरखडा उठत नाही. काळा थर मात्र ठेवला. लाल गंज भुसभुशीत, तो ओल शोषतो. काळा घट्ट बसतो आणि खालच्या लोखंडाला जपतो. त्यावर मेणाचा हात फिरवला.

पॉलिश पेपर लावला नाही. शिकाऊ असताना एका बारा बोअरला मी तो लावला होता. बंदूक आरशासारखी झाली आणि नंबर पुसट झाला. हत्याराची ओळखखूण पुसणं कलम 8 प्रमाणे गुन्हा. उस्ताद दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. शिवाय बर्मिंगहॅमचं प्रूफ हाउस 1813 पासूनचं. तिथे जादा दाबाचा बार काढून नळी तपासतात आणि मग ठसा मारतात. तो ठसा चक्रीच्या घराघरावर असतो. घासला की संपला, पुन्हा कोण मारून देणार?

नातवानं ते हातात घेतलं, खिट्टी दाबली. नळी अलगद झुकली. तरी तोंड उतरलेलंच. "नवं नाही दिसत ओ."

म्हटलं, नाहीच दिसणार.

पुढच्या खंडेनवमीला सकाळी फोन आला. पलीकडून त्याची आजी बोलत होती, "कुंकू लावायचं का नाही, तेवढं सांगा." मी म्हटलं, "आजी, ताटात सुपारी मांडा आणि तिला लावा. फूलही तिलाच वाहा." जरा वेळ काहीच आवाज नाही. मग आजी म्हणाल्या, "आणि देवाला काय सांगू?"