काटा थंड सांगतोय, पण इंजिन खरंच थंड आहे का?

(टेबलावर विजेची किटली, पातेलं, थर्मामीटर, मल्टिमीटर)

नमस्कार. किटली लावलीय, पण चहा होणार नाहीये. आज या पातेल्यात इंजिन ऑइलच्या तापमानाचा सेन्सर उकळायचाय.

मागे दिसतंय ते विमानाचं इंजिन, लायकमिंग ओ-320. चार सिलिंडर, हवेवर थंड होणारं. कितीतरी जुन्या सेस्ना 172 विमानांत हेच असतं. ऑइलची लाल रेष, म्हणजे ज्याच्या वर तापमान जाता कामा नये ती मर्यादा, 245 फॅरनहाइटला, म्हणजे 118 सेल्सिअसला. सिलिंडर हेडची (सिलिंडरच्या वरच्या टोकाची) 500 ला, म्हणजे 260 सेल्सिअसला. आणि वैमानिकाला यातलं कळतं किती? पॅनलवरच्या गेजचा काटा सांगेल तेवढंच.

काटा लाल रेषेकडे सरकला की सगळे जागे होतात, विमान उतरतं, काउलिंग (इंजिनवरचं झाकण) उघडतं. पण खोटं थंड दाखवणाऱ्या काट्याची तक्रार कोणी करत नाही. मला जास्त भीती त्याचीच वाटते.

पहिली तपासणी फुकटची. डिजिटल मॉनिटर असेल तर सकाळी, रात्रभर हँगरमध्ये उभ्या असलेल्या विमानाचा मास्टर स्विच ऑन करा. इंजिन सुरू करायचं नाही. चारही सिलिंडर, चारही एक्झॉस्ट आणि बाहेरची हवा, सगळ्यांचे आकडे जवळजवळ सारखे हवेत. तीन सिलिंडर 27 म्हणतायत आणि चौथा 41, तर त्या चौथ्याची चौकशी करायची.

आता पातेलं. मॅग्नेटो (इंजिनला ठिणगी देणारं यंत्र) बंद, चावी खिशात, प्रोपेलरच्या टप्प्यात कोणी नाही. आणि हे काम लायसन्सवाल्या एएमईच्या (विमान देखभाल अभियंत्याच्या) देखरेखीखाली, मेंटेनन्स मॅन्युअल उघडं ठेवून. शिकाऊ वैमानिकांनो, तुम्ही बघा, पाना उचलू नका.

ऑइलचा सेन्सर इंजिनच्या मागच्या बाजूला, फिल्टरजवळ असतो. तो काढला, वायर तशीच जोडलेली ठेवली आणि टोक पाण्यात बुडवलं. बाजूला थर्मामीटर. दोन्ही पातेल्याच्या तळाला टेकू द्यायचे नाहीत, तळ पाण्यापेक्षा गरम असतो.

पाणी तापतंय, थर्मामीटर चढतोय, आणि गेजचा काटा ढिम्म. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा सेन्सर गेला म्हणून नवा मागवला. नवाही तसाच! मग डोक्यात प्रकाश पडला. या सेन्सरला वायर एकच असते. सर्किट पूर्ण होतं ते त्याच्या धातूच्या अंगातून, इंजिनमार्फत. पातेल्यात लोंबकळणाऱ्या सेन्सरला अर्थिंग कुठून मिळणार? एक जंपर वायर घ्या, एक चिमटा सेन्सरच्या षटकोनी डोक्याला, दुसरा इंजिनच्या स्वच्छ धातूला. (काटा हलतो) बघा.

यातूनच दुसरी गोष्ट कळते. असे बरेच सेन्सर तापले की त्यांचा रेझिस्टन्स कमी होतो. म्हणजे अर्थिंग गंजलं, किंवा कुणी आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळली, की रेझिस्टन्स वाढतो आणि काटा थंड दाखवतो. वायर तुटली तर काटा तळाला. वायर घासून बॉडीला चिकटली तर थेट लाल रेषेपलीकडे. काटा कुठे अडकलाय यावरून अर्धं निदान तिथेच होतं.

पाणी उकळलं. थर्मामीटर 100 नाही, 98 दाखवतोय. थर्मामीटर बरोबर आहे. आपण पुण्यात आहोत, समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटरवर, इथे पाणी 98 लाच उकळतं. मुंबईत किंवा गोव्यात 100. गेज फॅरनहाइटमध्ये असेल तर काटा 208 च्या आसपास यायला हवा. फक्त उकळत्या पाण्यावर थांबू नका, 60 आणि 80 लाही वाचन घ्या. लाल रेषेपर्यंत मात्र पाणी पोचत नाही. त्यासाठी ड्राय ब्लॉक (सेन्सर खोचून कोरडा तापवायचा धातूचा ठोकळा) वापरा, तेलाची कढई हँगरमध्ये नको.

सिलिंडर हेड आणि एक्झॉस्टचं गणित वेगळं. तिथे थर्मोकपल, दोन वेगळ्या मिश्रधातूंच्या तारा, स्वतःच व्होल्टेज तयार करतात. सिलिंडरला बहुधा जे टाइप, एक्झॉस्टला के टाइप, ही तारांच्या जोड्यांची नावं. थर्मोकपलचं तापमान-व्होल्टेजचं टेबल सांगतं, 100 अंशांना जे टाइप 5.27 मिलिव्होल्ट देतो. या 98 च्या पाण्यात मल्टिमीटरवर दिसतात 3.6 च्या आसपास. प्रोब (थर्मोकपलचा सेन्सर) फेकू नका! टेबल शून्य अंशापासून मोजतं, तुमचा मीटर 30 अंशांच्या हँगरमध्ये बसलाय. तो फक्त फरक दाखवतो.

रंगांनी तर भल्याभल्यांना फसवलंय. अमेरिकन पद्धतीत थर्मोकपलची लाल तार निगेटिव्ह असते. सवयीने लाल म्हणजे प्लस धरलं की काटा उलटा पळतो.

आणि तार कमी पडली म्हणून साधी तांब्याची वायर जोडणारे महाभाग! सांधा इंजिनजवळ 70 अंशांवर, गेज 30 वर, तर वाचन 40 अंश कमी. सिलिंडर 220 ला, पॅनलवर 180. वैमानिक खूश. उलट, जुन्या काट्याच्या गेजमागे जास्तीची तार गुंडाळून बांधलेली दिसते, तीही कापायची नाही. गेज त्या तारेच्या रेझिस्टन्ससकट जुळवलेलं असतं.

उड्डाणात तीन नंबरचा सिलिंडरच गरम दिसतोय? तीन आणि एकचे प्रोब आपसात बदला. तक्रार एकवर गेली तर प्रोब खराब. तीनवरच राहिली तर मॉनिटरकडच्या वायरी बघा. त्या ठीक असतील तर सिलिंडर खरंच तापतोय, आणि मग बॅफल्स (सिलिंडरांकडे हवा वळवणारे पत्रे) बघायचे, गेज नाही.

बसवताना सेन्सरला नवा वॉशर, मॅन्युअलमधला टॉर्क (आवळायचा जोर), सेफ्टी वायर (सैल होऊ न देणारी तार). मग इंजिन चालवून गळती बघा, आणि लॉगबुकात प्रत्येक तापमानाचं वाचन लिहा, नुसतं ‘तपासलं, ठीक’ नको.