दसरा ते होळी: आपल्याच शिवारातला हिवाळा

(लातूर जिल्ह्यातल्या एका वाचनालयात दिवाळीच्या आधी दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

नमस्कार मंडळी. एवढ्या ऑक्टोबर हीटमध्ये तुम्ही हिवाळ्याबद्दल ऐकायला आलात, मनापासून बरं वाटलं. मागं उभी असलेली शाळेची पोरं आहेत त्यांनी पुढं येऊन सतरंजीवर बसा, कारण आज मी जे सांगणार आहे त्यातलं निम्मं तरी तुमच्यासाठीच आहे.

आपल्याकडं कुणालाही विचारा, जंगल म्हणलं की ताडोबा, पक्षी म्हणलं की भरतपूर, आणि मराठवाडा म्हणलं की दुष्काळ अन् टँकर. मला हे अजिबात पटत नाही. दसऱ्यापासून होळीपर्यंत आपलं माळरान, ज्वारीची रानं, गावोगावचे पाझर तलाव, इथं तिबेट, मंगोलिया, कझाकस्तान असल्या मुलखातून पाखरं येऊन राहतात, आणि ती काही वाट चुकून येत नाहीत, त्यांना पाहिजे ते इथं आहे म्हणून येतात. उघडी जमीन, गुडघाभर गवत, नाकतोडे, दाणे, उथळ पाणी. सातबाऱ्यावर ज्याला पडीक लिहितात नेमकं तेच त्यांना लागतं. म्हणून माझं म्हणणं साधं आहे, गावाजवळचा एक तलाव नाहीतर एक माळ धरा आणि अख्खा हिवाळा तिथंच परत परत जा. दहा ठिकाणं एकेकदा बघण्यापेक्षा एक ठिकाण दर आठवड्याला बघितलं तर कोण आलं, कोण गेलं, कोण कुठं बसतं हे कळायला लागतं आणि खरी मजा तिथून सुरू होते.

आता लगेच, आज-उद्या काय दिसेल ते सांगतो. संध्याकाळी शाळेच्या ग्राउंडवर, सोयाबीन काढलेल्या रानात, डोक्याच्या थोडं वर पिवळट चतुर थव्यानं घिरट्या घालतात, बसायचं नावच घेत नाहीत, बघितलेत ना? हे पावसाच्या साचलेल्या डबक्यात वाढलेले असतात, डबकं आटायच्या आत ह्यांना मोठं होऊन उडावं लागतं. चार्ल्स अँडरसन म्हणून मालदीवमध्ये काम करणारे सागरी जीवशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी २००९ मध्ये मांडलं की ऑक्टोबरपासून मालदीवच्या बेटांवर जे प्रचंड संख्येनं चतुर उतरतात ते भारताकडून वाऱ्याबरोबर आलेले असतात आणि तिथून पुढं समुद्र ओलांडून आफ्रिकेकडं जातात. बोटभर लांबीचा किडा आणि मध्ये अख्खा समुद्र! आपल्या ग्राउंडवर घिरट्या घालतोय तो ह्याच जातीचा.

दुसरी गोष्ट अजून सोपी, त्याला तर दुर्बिणपण लागत नाही. रस्त्याच्या कडेला, उकिरड्याजवळ, मारुतीच्या देवळामागं रुई असतेच. तिची पानं हळूच उलटी करून बघा. पानाच्या खाली मोहरीपेक्षा बारीक, पांढरट अंडं एकेकटं चिकटवलेलं असतं. जवळच त्याच्यातून निघालेली अळी सापडेल, अंगावर काळे, पांढरे, पिवळे आडवे पट्टे, आणि पाठीवर मऊ काळ्या शिंगांच्या तीन जोड्या. रुईचा चीक आपल्या डोळ्यात गेला तर डोळा जातो म्हणून आपण पोरांना लांब ठेवतो (ठेवायलाच पाहिजे, पान हाताळलं की हात धुवा), पण ही अळी तेच पान खाऊन तेच विष अंगात साठवते, त्यामुळं तिला आणि पुढं तिच्या फुलपाखराला पाखरं सहसा खात नाहीत. नंतर ती उलटी लटकून कोश करते, फिकट हिरवा नाहीतर गुलाबीसर, त्याच्यावर सोनेरी ठिपके. आठ-दहा दिवसांनी कोश पातळ काचेसारखा दिसायला लागला आणि आतून नारिंगी पंख दिसले की समजा उद्या सकाळी फुलपाखरू निघणार. पोरांनो, हे एवढं एकदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघाच. झाडावरच बघा, अळी घरी आणू नका.

नोव्हेंबर लागला की पाहुण्यांची गर्दी. ५ ते १२ नोव्हेंबर हा आपल्या राज्यात पक्षी सप्ताह असतो, ५ ला जंगलावर लिहिणाऱ्या मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस अन् १२ ला पक्षीशास्त्रज्ञ सालिम अलींचा. तोपर्यंत धोबी आलेला असतो, तलावाच्या काठानं शेपटी वरखाली करत फिरणारा. तुरीच्या शेंड्यावर गप्पीदास बसलेला दिसतो. आणि घराच्या परसात, गोठ्याच्या भिंतीवर काळसर पाखरू, पोट नि शेपटी विटकरी, बसल्या बसल्या शेपूट थरथरवतंय, तो थिरथिरा. घरातल्या आजींना विचारा, त्यांनी तो दरवर्षी बघितलेला असतो, फक्त तो हिमालयापलीकडून येतो हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

पण मराठवाड्याच्या हिवाळ्याचं खरं पाखरू म्हणजे भोरडी. पुस्तकात पळसमैना म्हणतात. मोठ्या पाखराचं डोकं, पंख, शेपूट काळं आणि पाठ-पोट गुलाबी, पिल्लं मात्र मातकट. संध्याकाळी पाच-साडेपाचला तलावाच्या बांधावर उभं राहा, चारी बाजूंनी थवे येतात, एकात एक मिसळतात, अख्खं आभाळ एकदम वळतं, पुन्हा फाकतं, आणि एक शिकरा आला रे आला की सगळा थवा आक्रसून काळा ठिपका होतो. मग एकदम बाभळीत नाहीतर उसात उतरतात आणि जो कलकलाट करतात की शेजारी उभ्या माणसाशी बोलता येत नाही. हे बघायला लोक परदेशात पैसे देऊन जातात.

आता इथं शेतकरी बसलेत, त्यांच्या मनात काय आहे ते मला माहिती आहे. शाळू दुधात आला की हीच भोरडी कणसावर उतरते, सकाळी उजाडायच्या आत माळ्यावर चढून गोफण फिरवावी लागते, डबे बडवावे लागतात, आणि आता शिवारात ज्वारीच कमी, सगळीकडं सोयाबीन, त्यामुळं ज्यानं ज्वारी पेरली त्या एकट्याच्याच रानावर सगळा थवा पडतो. हे नुकसान खरं आहे, ते नाकारून पाखरांचं प्रेम शिकवायला मी आलेलो नाही. पाखरं हाकला, तो तुमचा हक्क आहे, फक्त जाळं लावून, विष टाकून मारू नका. कारण हिशेबाची दुसरी बाजू पण आहे. भोरडी किडे खाणारी पाखरू आहे, मध्य आशियात तिची वीण टोळ अन् नाकतोड्यांवर होते, चीनच्या शिंजियांग भागात तर टोळ आवरायला म्हणून भोरडीसाठी मुद्दाम दगड रचून घरट्याची जागा करून देतात. आपल्या हरभऱ्यातली घाटेअळी खायला कोतवाल, साळुंकी, वेडा राघू असली पाखरं येतात म्हणून तर कृषीवाले टी आकाराचे पक्षीथांबे लावायला सांगतात. दोन काड्या बांधून धुऱ्यापासून आतपर्यंत जागोजागी रोवा. कीड पण कमी होते आणि पाखरं निवांत बसलेली बघायला मिळतात, घरच्या बाजेवरून.

बरं, आता माळाकडं चला. माळ मला सगळ्यात जास्त आवडतो आणि त्याच्यावरच सगळ्यात जास्त अन्याय होतोय. सकाळी उन्हं वर आली की, साधारण आठ ते दहाच्या दरम्यान, माळावरच्या पाणवठ्याच्या बाजूला झुडपाच्या आडोशाला गप बसा. आधी आवाज येतो, मग पाच-दहाच्या टोळक्यानं पखुर्ड्या येतात, काही लोक भटतित्तर म्हणतात. रंग एवढा मातीचा की दहा पावलांवर बसली तरी दिसत नाही, हलली की कळतं. पाण्यापासून जरा लांब उतरतात, इकडंतिकडं बघतात, तुरुतुरु चालत काठाला येतात, पटापट पाणी पितात आणि निघून जातात, सगळा कार्यक्रम काही क्षणांचा. जमिनीवरच अंडी घालतात, आणि पिल्लं झाली की नराचं काम बघण्यासारखं, तो पाण्यात शिरतो, पोट बुडवून हलवत बसतो, पोटाच्या पिसांची रचनाच अशी की त्यात पाणी धरून राहतं, आणि ते ओलं पोट घेऊन उडत पिल्लांकडं जातो, पिल्लं ती पिसं चोचीनं ओढून पाणी पितात. नळ नाही, टँकर नाही, आपल्याच दुष्काळी माळावर हा बाप रोज पाणी वाहतोय. मला दरवेळी हे आठवलं की भरून येतं.

त्याच माळावर संध्याकाळी भोवत्या दिसतो, लांब पंखांचा शिकारी पक्षी, गवताच्या दोन हात वरून संथ तरंगत जातो, नाकतोडे टिपतो आणि रात्री गवतातच जमिनीवर झोपतो, जागा चांगली असेल तर बरेच एकत्र येऊन झोपतात. म्हणजे आपण माळाला काडी लावली तर त्याचं अंथरूणच जाळलं. काळवीट, चिंकारा, खोकड, आणि नशीब असेल तर लांडगा, सगळे ह्याच गवताचे. आणि आपण काय करतो, मुरूम उपसतो, नाहीतर चांगल्या भावनेनं तिथं खड्डे घेऊन झाडं लावतो. झाडं लावावीत, पण शाळेत लावा, रस्त्याला लावा, धुऱ्यावर लावा. गवताळ माळावर दाट झाडी केली की पखुर्डी जाते, भोवत्या जातो, काळवीट जातं, आणि मेंढपाळाचा चारा पण जातो. ग्रामपंचायतीतले कुणी बसले असतील तर त्यांनी एवढं तरी डोक्यात ठेवा.

पाण्याचं सांगायचं तर आपल्याकडं नाथसागर आहे, म्हणजे पैठणचं जायकवाडी धरण. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी, १९७६ ला धरण झालं, १९८६ पासून ते पक्षी अभयारण्य आहे. धरण पसरट आणि काठ उथळ, त्यामुळं पाणी जसं ओसरतं तसा गाळ उघडा पडतो आणि बदकांना, पाणटिवळ्यांना चरायला मिळतं. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो येतात. पट्टकदंब हंस येतात, पांढरं डोकं, मागच्या बाजूला दोन काळे पट्टे, ते ओळखायला एकदम सोपे. हिमालय ओलांडून येतात, सात हजार मीटरच्या वर उडताना त्यांची नोंद झालेली आहे, तिथं माणसाला दोन पावलं टाकली तरी धाप लागते, ह्यांचं रक्त कमी ऑक्सिजनमध्ये पण तो धरून ठेवतं. आणि इथं येऊन काय करतात, तर काठच्या रानात गव्हाचे, हरभऱ्याचे कोंब खातात. डिसेंबर-जानेवारीत जा, सकाळी लवकर जा, काठावरून बघा, आणि बोटवाल्याला थव्यात बोट घालायला सांगू नका, थवा एकदा उठवला की त्याची खायची वेळ गेली.

बाकी येडशीचं रामलिंग, बीडकडं नायगावचे मोर, कन्नडचं गौताळा, तिकडं किनवटचं सागाचं जंगल, हे आहेच, सहलीला जरूर जा. पण माझा भर गावच्या तलावावर आहे, कारण तिथं तुम्ही चहा पिऊन चालत जाऊ शकता.

आणि आपल्याकडं तर त्यासाठी सणच आहे. येळवस! मार्गशीर्ष अमावास्येला अख्खं लातूर, धाराशिव रानात असतं, कडब्याची कोप, भज्जी, आंबील, पोटभर जेवून सगळे झाडाखाली आडवे. ह्या येळवशीला जेवण झालं की तासभर पोरांना घेऊन धुऱ्यानं फिरा. बोरीखाली काय पडलंय, कुणी खाल्लंय, ओल्या मातीत कुणाचा पाय उठलाय, विहिरीवर झुकलेल्या बाभळीत सुगरणीचा खोपा आहे की होल्याचं घरटं, आंब्याच्या ढोलीत पिंगळा बसलाय का. आजोबा बरोबर असतील तर त्यांना पुढं चालू द्या, पोरांना मागं. मोबाईलमध्ये मर्लिन ॲप टाका, आवाजावरून पक्षी सुचवतं, पण त्याच ॲपवरून पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलवू नका, तो बिचारा दुसरा नर आला समजून खाणं सोडून भांडायला येतो. दुर्बीण घ्यायचीच असेल तर आठ बाय चाळीसची (आठपट मोठं दाखवणारी, पुढची काच चाळीस मिलिमीटरची) साधी पुरते. पाखरू बघताना ते मान ताणून तुमच्याकडं बघायला लागलं की समजा तुम्ही जास्त जवळ गेलात, तिथंच थांबा.

एक हात जोडून विनंती संक्रांतीची. नायलॉन मांजावर २०१७ पासून हरित न्यायाधिकरणाची बंदी आहे, तरी तो मिळतो आणि लोक आणतात. त्यात घारी, बगळे, घुबडं पंख कापून लटकतात, माणसांचे गळे कापतात. पतंग सुती दोऱ्यावर उडवा, आणि झाडावर अडकलेला मांजा दिसला तर काठीनं काढून गुंडाळून जाळून टाका, नुसता कचऱ्यात टाकला तर तिथं कुत्र्याच्या पायात जातो.

जानेवारीत सगळ्या आशियात पाणपक्ष्यांची मोजणी असते, फेब्रुवारीत परसातल्या पक्ष्यांची जागतिक गणना असते, चार दिवसांची, पंधरा मिनिटं बसून दिसले ते लिहायचे, शाळेतली पोरं आरामात करू शकतात. आपण आपल्या तलावाची यादी आत्तापासून सुरू करू. येत्या रविवारी सकाळी सहा वाजता सांडव्याजवळ जमायचं, मातकट नाहीतर हिरवे कपडे, पाण्याची बाटली, वही आणि पेन, गाणी-स्पीकर नको. सूर्य मागं राहील असं पूर्वेच्या काठानं फिरू. ज्यांना यायचंय त्यांनी जाताना बाहेरच्या टेबलवर नावं द्या, आणि आता प्रश्न विचारा, आधी सतरंजीवरच्या पोरांचे घेऊ.