कुणीही न कापलेली लोरेटा

(पडदा काळा. आधी फक्त गिटारची एक तार, मग निवेदन.)

१९६९ साल. अमेरिकेतल्या नॅशव्हिलच्या, म्हणजे कंट्री संगीताच्या राजधानीतल्या, स्टुडिओत एक बाई गाणं घेऊन आलीय. कंट्री म्हणजे तिकडच्या खेड्यापाड्यांतून आलेलं संगीत. गाणं तिनंच लिहिलंय, खाणीत राबणाऱ्या बापावर, आईवर, डोंगरातल्या त्या लाकडी घरावर, आणि ते चांगलं लांबलचक झालंय, कडव्यामागून कडवं. प्रोड्युसर आहे ओवेन ब्रॅडली, म्हणजे नॅशव्हिलच्या आवाजाला ज्यांनी वळण लावलं त्यांच्यातला अगदी वरचा माणूस, आणि तो म्हणतो गाणं लांबतंय, यातली काही कडवी काढ. ती काढते. गाणं 'कोल मायनर्स डॉटर' या नावानं १९७० मध्ये बाहेर येतं, कंट्रीच्या चार्टवर पहिल्या नंबरला जातं, पुढं त्याच नावानं तिचं आत्मचरित्र येतं, १९८० मध्ये सिनेमा येतो, तिचं काम करणाऱ्या सिसी स्पेसेकला ऑस्कर मिळतं. सगळं होतं. पण ती काढलेली कडवी कुणी जपून ठेवली नाहीत, ती तिथंच राहिली आणि हरवली, आणि त्याची हळहळ लोरेटा लिनला कायम राहिली.

आपण आज जो अल्बम ऐकणार आहोत तो यानंतर ३५ वर्षांनी आला. त्याचं नाव 'व्हॅन लिअर रोझ'. २७ एप्रिल २००४ ला तो रिलीज झाला तेव्हा लोरेटाला ७२ वर्षं पूर्ण होऊन दोन आठवडे झाले होते. मला विचाराल तर या अल्बममध्ये काय आहे यापेक्षा यात काय काढून टाकलेलं नाही ते जास्त मोलाचं आहे.

(पडद्यावर: डोंगराच्या कुशीतलं लाकडी घर, पुढं ओसरी.)

केंटकी राज्य, जॉन्सन काउंटी, बुचर हॉलो. तिथले लोक हॉलो म्हणत नाहीत, हॉलर म्हणतात. दोन डोंगरांमधली चिंचोळी घळ, आणि जवळच व्हॅन लिअर नावाचं कोळसा खाणीचं गाव. आठ भावंडांत लोरेटा दुसरी. वडील टेड वेब खाणीत जायचे, कोळशाच्या धुळीनं फुप्फुसं खराब झालेली, १९५९ मध्ये गेले, म्हणजे लेकीचं पहिलं रेकॉर्ड त्यांनी ऐकलंच नाही. आई क्लारानं घराच्या भिंतींना वॉलपेपर म्हणून मासिकांची पानं चिकटवली होती, त्यात सिनेमातल्या नट्यांचे फोटो, आणि त्यातल्याच लोरेटा यंग या नटीवरून पोरीचं नाव ठेवलं. गारठा आत येऊ नये म्हणून लावलेला कागद आणि त्यातून आलेलं नाव, हे मला फार लागतं मनाला.

पंधराव्या वर्षी लग्न, जानेवारी १९४८. नवरा ऑलिव्हर लिन, त्याला सगळे डूलिटल म्हणायचे, ती नुसतं डू म्हणायची. डू तिला घेऊन थेट वॉशिंग्टन राज्यात गेला, देशाच्या दुसऱ्या टोकाला. पोरं लागोपाठ झाली. १९५३ मध्ये त्यानं तिला १७ डॉलरची हार्मनी कंपनीची गिटार आणून दिली आणि ती आपली आपण शिकली. १९६० मध्ये पहिलं रेकॉर्ड निघालं, मग नवराबायको गाडी घेऊन गावोगावच्या रेडिओ स्टेशनवर, रात्री गाडीतच झोपायचं, सकाळी स्टेशनच्या दारात उभं राहायचं, माझं गाणं लावा म्हणून. पुढचं बहुतेकांना माहितीय: ग्रँड ओल ऑप्री हा नॅशव्हिलचा कंट्री गाण्यांचा नावाजलेला रेडिओ कार्यक्रम, एकामागून एक हिट, १९७२ मध्ये कंट्री म्युझिक असोसिएशनचा एंटरटेनर ऑफ द इयर हा मान मिळवणारी पहिली बाई. आणि १९७५ चं 'द पिल', गर्भनिरोधक गोळीवरचं गाणं, जे कितीतरी कंट्री स्टेशन्सनी लावायलाच नकार दिला. आपल्यासारख्याच बायकांना रोज जे भोगावं लागतं तेच ती गात होती आणि लावणाऱ्यांना नेमकं तेच नको होतं.

१९९६ मध्ये डू गेला. हा माणूस दारू प्यायचा, बाहेरची लफडी करायचा, दोघांची भांडणं हातघाईवर यायची, हे सगळं तिनं स्वतः लिहून ठेवलंय. आणि तोच तो गिटार आणून देणारा. पन्नास वर्षांचा संसार व्हायला दीडेक वर्ष कमी पडलं. त्यानंतरची काही वर्षं तिच्याकडून फारसं नवं आलं नाही. २००० मध्ये एक अल्बम आला, पण तोवर कंट्री रेडिओला तरुण चेहरे आणि चकचकीत आवाज हवे होते.

(पडद्यावर: डेट्रॉइटचा रस्ता, मग तरुण गर्दीतला स्टेज.)

आणि इथं डेट्रॉइटचा जॅक व्हाइट येतो. व्हाइट स्ट्राइप्स, दोघांचाच बँड, गिटार आणि ड्रम्स, बास नाहीच, एकदम खरखरीत रॉक. २००१ मध्ये त्यांचा 'व्हाइट ब्लड सेल्स' अल्बम आला आणि तो त्यांनी लोरेटा लिनला अर्पण केला, तिचं एक गाणंही ते गायले. तिला हे कळलं तेव्हा तिनं त्यांना टेनेसीतल्या हरिकेन मिल्सच्या घरी जेवायला बोलावलं आणि चिकन अँड डंपलिंग्ज रांधून वाढलं. कॉन्ट्रॅक्ट बिंट्रॅक्ट नंतर, आधी ताट. मला वाटतं या अल्बमची सुरुवात त्या जेवणाच्या टेबलावरच झाली. २००३ मध्ये दोघं न्यूयॉर्कच्या स्टेजवर एकत्र आले, आणि मग रेकॉर्डिंग.

रेकॉर्डिंग कुठं, तर पूर्व नॅशव्हिलमधल्या एका घरात. मोठा स्टुडिओ नाही, आठ ट्रॅकचं टेप मशीन. याचा अर्थ नीट समजून घ्या, कारण सगळी मेख इथंच आहे. कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करताना आवाजाचे पाहिजे तितके थर ठेवता येतात, सूर हलला तर नंतर ओढून जाग्यावर आणता येतो, श्वास पुसता येतो, दहा वेळा गाऊन दहातले बरे तुकडे जोडता येतात. टेपवर आठच जागा, त्यात ड्रम्स, बास, गिटार, स्टील आणि गाणारी बाई बसवायची, म्हणजे लपायला जागाच नाही, जे वाजलं ते वाजलं. मुख्य वाजवणारे चौघं: स्वतः जॅक, बासवर जॅक लॉरेन्स, ड्रम्सवर पॅट्रिक कीलर, पेडल स्टील गिटारवर डेव्ह फीनी. या पोरांना काहीही सांगा, ती करायची, म्हणून लोरेटानं बँडचं नावच 'डू व्हॉटर्स', म्हणजे सांगाल ते करणारे, असं ठेवलं. आणि गाणी १३, सगळी तिनं लिहिलेली, एखाद्यात कुणाचा हात लागला असेल तेवढाच. 

तिचा उच्चार ऐका. १९७० च्या त्या 'कोल मायनर्स डॉटर' गाण्यात 'टायर्ड' हा शब्द ती 'टार्ड' असा म्हणते, त्यामुळंच तो 'हार्ड'शी जुळतो, शुद्ध शहरी उच्चार केला असता तर यमकच मोडलं असतं. म्हणजे बोली ही तिच्या गाण्याची सजावट नाही, गाण्याचा सांगाडाच बोलीवर उभा आहे. हे जॅकला कळलं होतं. त्यानं तिला घासूनपुसून काढलं नाही.

पहिलं गाणं, अल्बमला ज्याचं नाव दिलंय ते, आईवरचं. खाणीच्या गावातली सगळ्यांत देखणी पोरगी, तिच्यावर सगळ्या खाणकामगारांचा डोळा, आणि टेडला सगळे हसायचे की तुला कुठली मिळतेय ती. बाप पोरांना ही गोष्ट सांगतोय आणि पोरगी आता म्हातारी होऊन आपल्याला सांगतेय.

'फॅमिली ट्री' मध्ये एक बाई नवऱ्याच्या दुसऱ्या बाईच्या दारात जाऊन उभी राहते. एकटी नाही, पोरांना घेऊन, घरचा कुत्रा घेऊन, थकलेली बिलं घेऊन. भांडायला आलेच नाही म्हणते, पोरांनी बघावं म्हणून आणलंय. मी हे गाणं ऐकलं की मला ते दार दिसतं, पायरीवरची पोरं दिसतात, कुत्रा दिसतो. बिलं आणणं हे तर फक्त संसार केलेल्या बाईलाच सुचू शकतं.

'लिटल रेड शूज' गाणं म्हणावं असं नाहीच. ती नुसती बोलते, मध्येच अडखळते, पुन्हा मागं जाते, आणि जॅकनं त्या बोलण्याला संगीत दिलं. तान्ही लोरेटा खूप आजारी आहे, आईबापांकडं पैसा नाही, आई दुकानातून पोरीसाठी छोटे लाल बूट चोरून आणते, आणि बापाला कळतं तेव्हा तो पोरीला उचलून घराकडं पळत सुटतो. दुसऱ्या कुणी हे बोलणं साफसूफ केलं असतं, दोन वाक्यांमधल्या अडखळण्याच्या जागा कापल्या असत्या. इथं ते सगळं शाबूत आहे, आणि आपण जणू तिच्या स्वयंपाकघरात बसून ऐकतोय.

आणि 'मिस बीइंग मिसेस'. फक्त एक गिटार आणि ती. विधवा बाई लग्नाची अंगठी डाव्या हातातून काढून उजव्या हातात घालते. बस, एवढंच करते ती, आणि ते सांगताना आवाज कुठं कुठं बारीक होतो तो तसाच टेपवर राहिलाय. डूनं तिला काय काय भोगायला लावलं ते आधीच्या गाण्यांत ऐकून आपण इथं पोचतो, आणि तरी ती त्याची वाट बघतेय. मला हे गाणं सलग दोनदा ऐकवत नाही.

शेवटचं 'स्टोरी ऑफ माय लाइफ', सगळं आयुष्य भरभर सांगून टाकते, आणि त्यात सिनेमाचा विषय निघतो तेव्हा रोखठोक विचारते की सिनेमा तर एवढा चालला, मग पैसा कुठं गेला. ७२ व्या वर्षी हिशोब मागतेय, तोही गाण्यात.

कंट्री रेडिओनं या अल्बमला फारशी दाद दिली नाही. लोकांनी दिली. बिलबोर्ड या अमेरिकी संगीत मासिकाच्या मुख्य अल्बम चार्टवर तो २४ व्या नंबरपर्यंत गेला, तोवर तिचा कुठलाच अल्बम इतका वर गेला नव्हता. २००५ मध्ये दोन ग्रॅमी मिळाले, एक बेस्ट कंट्री अल्बमचं, दुसरं जॅकबरोबरच्या 'पोर्टलंड, ओरेगन' या ड्युएटचं. ज्या पोरांनी तिचं नावसुद्धा ऐकलं नव्हतं ती पोरं तिला ऐकायला लागली.

(पडद्यावर: हरिकेन मिल्सचं मोठं पांढरं घर, संध्याकाळ.)

नंतरही ती थांबली नाही. २०१७ मध्ये स्ट्रोक आला, २०१८ च्या सुरुवातीला पडून खुब्याचं हाड मोडलं, तरी त्याच वर्षी अल्बम आला. मार्च २०२१ मध्ये 'स्टिल वुमन इनफ' आला, तिचा पन्नासावा स्टुडिओ अल्बम, वय ८८. त्यात 'कोल मायनर्स डॉटर' पुन्हा आहे, पण यावेळी ती ते गात नाही, कवितेसारखं म्हणून दाखवते. ४ ऑक्टोबर २०२२ ला हरिकेन मिल्सच्या घरी झोपेतच ती गेली.

त्या वाचनात ती आईबापाबद्दल, विहिरीच्या पाण्याबद्दल, त्या घराबद्दल सांगते, तेवढंच, जेवढं १९७० च्या रेकॉर्डवर उरलं होतं. १९६९ ला काढलेली कडवी त्यात नाहीत.

(वाचनाचा आवाज. पडद्यावर रिकामी ओसरी.)