वेळ झाला, वेळ झाली

मंडळी, मला इंग्रजीतल्या काळवेळेच्या शब्दांवर बोलायला बोलावलंय, पण सुरुवात मी मराठीपासूनच करणार आहे. दोन वाक्यं ऐका. ‘मला यायला वेळ झाला.’ ‘माझी यायची वेळ झाली.’ पहिल्या वाक्यात मी उशिरा पोचलोय आणि दारात उभा राहून कारणं सांगतोय. दुसऱ्यात मी अजून घरीच आहे, चपला शोधतोय. शब्द एकच आहे, फक्त लिंग बदललं. पुल्लिंगी वेळ म्हणजे लांबी: खूप वेळ, थोडा वेळ, वेळ लागला, वेळ गेला. स्त्रीलिंगी वेळ म्हणजे त्या लांबीवरची एक खूण: निघायची वेळ, औषधाची वेळ, ठरलेली वेळ. हे आपल्याला शाळेत कुणी शिकवलं नाही, तरी तीन वर्षांचं पोरही यात चुकत नाही.

इंग्रजीत या दोघांना मिळून ‘टाइम’ हा एकच शब्द आहे. पण म्हणून इंग्रजी बोलणाऱ्याच्या डोक्यात फरक नसतो असं नाही. तो फरक तिथे आजूबाजूच्या शब्दांत जाऊन बसलाय. ‘मच टाइम’, ‘नो टाइम’, ‘इट टुक टाइम’ हा आपला ‘तो’ वेळ. ‘व्हॉट टाइम’, ‘इट इज टाइम’, ‘द टाइम हॅज कम’ ही आपली ‘ती’ वेळ. ‘थ्री टाइम्स’ म्हणजे तीनदा, ते तिसरंच प्रकरण. आणि ‘अ लाँग टाइम’ मधला ‘अ’ मधेच आडवा येतो, त्याला माझ्याकडे इलाज नाही, तो पाठच करायचा.

आता हे डोक्यात ठेवून तुमचे नेहमीचे घोळ बघू. ‘सिन्स’ आणि ‘फॉर’. मराठीत आपण ‘पाच वर्षांपासून इथे आहे’ म्हणतो आणि ‘2019 पासून इथे आहे’ असंही म्हणतो. एकच ‘पासून’ दोन्हीकडे चालतो. म्हणून आपल्या तोंडून ‘सिन्स फाइव्ह इयर्स’ निघतं. पाच वर्षं ही लांबी आहे, तिला ‘फॉर’. 2019 ही खूण आहे, तिला ‘सिन्स’. ‘सिन्स’ला ‘ती’ वेळ लागते, ‘फॉर’ला ‘तो’. व्याकरणाच्या पुस्तकातले नियम विसरलात तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा. क्रियापदाचं रूप मात्र वेगळं सांभाळावं लागतं. आपण ‘करतोय’ म्हणून वर्तमानात मोकळे होतो, तिथे इंग्रजीला ‘हॅव बीन’ हवं असतं.

‘पर्यंत’ने मात्र मला स्वतःला तोंडघशी पाडलंय. पहिली नोकरी, परदेशातल्या एका ग्राहकाला मी मोठ्या आत्मविश्वासाने लिहिलं, ‘आय विल सेंड द रिपोर्ट टिल थर्सडे.’ माझ्या मनात सरळ मराठी होतं: गुरुवारपर्यंत अहवाल पाठवतो. उलट उत्तर आलं, ‘आभारी आहे, पण एकदाच पाठवलात तरी पुरे.’ मला दिवसभर कळेना की हा माणूस असं का म्हणतोय. ‘टिल’ म्हणजे गुरुवार येईपर्यंत ते काम चालूच राहणार. मी रोज सकाळ-संध्याकाळ अहवाल धाडत बसणार, असा त्याचा अर्थ झाला होता. मला म्हणायचं होतं ‘बाय थर्सडे’. हे ओळखायची एक युक्ती मला नंतर सापडली. मराठी वाक्यात ‘उशिरात उशिरा’ घालून बघा. ‘उशिरात उशिरा गुरुवारपर्यंत पाठवतो’ बसतं, तिथे ‘बाय’. ‘उशिरात उशिरा गुरुवारपर्यंत मी सुट्टीवर आहे’ हे कानालाच खटकतं, तिथे ‘टिल’ किंवा ‘अंटिल’.

याच्या उलट ‘ऑन टाइम’ आणि ‘इन टाइम’ यांचा बाऊ करायचं कारणच नाही. गाडी वेळेवर सुटली: ‘ऑन टाइम’. वेळीच डॉक्टरकडे नेलं म्हणून वाचला: ‘इन टाइम’. वेळेवर आणि वेळीच. आपल्याकडे हा भेद आयता आहे, आपण तो वापरत नाही इतकंच. ‘अ स्टिच इन टाइम’ म्हणजे वेळीच घातलेला टाका. वेळेवर घातलेला म्हटलं तर शिंप्याने घड्याळ लावून टाका घातल्यासारखं वाटतं.

आता वाक्प्रचारांकडे वळू, आणि इथे मात्र मराठी जपून वापरा. ‘किल टाइम’ दिसलं की हुशार विद्यार्थी लिहितो ‘वेळ मारून नेणे’. दोन्हीकडे वेळ मारलाय, पण खून वेगवेगळे आहेत. ‘किल टाइम’ म्हणजे करायला काही नाही, वेळ जाता जात नाही, म्हणून काहीतरी करत बसणं. मारला जातो तो ‘तो’ वेळ. ‘वेळ मारून नेणे’ म्हणजे अडचणीचा प्रसंग आलाय आणि काहीतरी सांगून त्यातून निसटणं. तिथे मारून नेतो ती ‘ती’ वेळ. पाहुणे अचानक आले, घर आवरलेलं नाही, आपण हसतखेळत वेळ मारून नेतो. त्यात ‘किल’ कुठेच नाही. तसंच ‘वेळ काढणे’. ‘तुझ्यासाठी वेळ काढीन’ हे ‘मेक टाइम’. पण त्यालाच ‘पणा’ लावून ‘वेळकाढूपणा’ केला की ते ‘प्ले फॉर टाइम’ किंवा ‘बाय टाइम’च्या जवळ जातं. एकच काढणं, एकात प्रेम आणि दुसऱ्यात लबाडी.

हा ‘बाय’ विकत घेण्याचा, ‘बाय थर्सडे’मधला नव्हे. तो आला म्हणून आठवलं. ‘स्पेंड’, ‘सेव्ह’, ‘इन्व्हेस्ट’, ‘अफोर्ड’, ही सगळी इंग्रजी क्रियापदं पैशाची आहेत आणि सगळी वेळेला लागतात. बेंजामिन फ्रँकलिनने 1748 साली तरुण व्यापाऱ्याला उपदेश करताना ‘टाइम इज मनी’ असं लिहिलं, ते सगळ्यांना ठाऊक असतं. जॉर्ज लेकॉफ आणि मार्क जॉन्सन या दोन अभ्यासकांनी 1980 मध्ये दाखवून दिलं की हे नुसतं सुभाषित नाही, तर इंग्रजी बोलणारा वेळेचा विचारच पैशासारखा करतो. मराठीतही वेळ वाचवतात, वाया घालवतात. पण ‘दवडणे’ बघा, त्यात खिशातून काही गेल्याची भावना नाही, हाताशी आलेलं निसटू दिल्याची आहे. मला तो शब्द ‘वेस्ट’पेक्षा फार बोलका वाटतो.

‘डेडलाइन’ आज आपण सगळेच मराठीसारखा वापरतो. तिचा जन्म मात्र भयंकर आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, 1864 मध्ये, जॉर्जिया राज्यातल्या अँडरसनव्हिल इथे दक्षिणेकडच्या सैन्याने युद्धकैद्यांची एक उघडी छावणी केली. बाहेर उंच लाकडी तटबंदी होती. तिच्या आतल्या बाजूला काही फुटांवर खांबांवर फळ्या ठोकून एक साधं ठेंगणं कठडं घातलेलं होतं. ते ओलांडलं की वरच्या मचाणावरचा पहारेकरी गोळी घालणार. त्या रेषेला म्हणत ‘डेड लाइन’. त्या छावणीत चौदा महिन्यांत सुमारे 45,000 कैदी आले आणि त्यातले जवळजवळ 13,000 मेले, बहुतेक रोगाने आणि उपासमारीने. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत हाच शब्द मजकूर देण्याच्या शेवटच्या वेळेसाठी रुळला. आपली ‘मुदत’ ही लांबी आहे, म्हणून ती आपण वाढवून मागतो आणि ती संपते. डेडलाइन ही रेषा आहे, ती एकतर गाठता येते किंवा चुकते.

एक गैरसमज जाता जाता दूर करतो. ‘टाइम अँड टाइड वेट फॉर नो मॅन’ याचं भाषांतर ‘काळ आणि भरती-ओहोटी’ असं करतात. मुळात तिथे समुद्र नाही. जुन्या इंग्रजीत ‘टाइड’चा अर्थच वेळ, काळ असा होता. जर्मन ‘झाइट’ त्याचाच भाऊबंद. भरतीची ठरलेली वेळ असते म्हणून पुढे भरतीला ते नाव पडलं. गंमत म्हणजे ‘टायडी’ हाही त्याच घरातला. मूळ अर्थ ‘वेळच्या वेळी’, नंतर झाला नीटनेटका.

‘फोर्टनाइट’ म्हणजे चौदा रात्री. आपला पंधरवडा पंधराचा. इंग्रजी ज्यांच्या बोलींतून आली त्या जर्मानिक टोळ्या पूर्वी दिवस न मोजता रात्री मोजत, असं टॅसिटस या रोमन इतिहासकाराने नोंदवून ठेवलंय. त्याची खूण या शब्दात राहिली.

आणि ‘सून’. हा माझा आवडता. जुन्या इंग्रजीत ‘सून’ म्हणजे ‘तत्क्षणी’. हळूहळू तो ढिला पडला आणि ‘लवकरच’वर आला. मग तत्क्षणीसाठी ‘अनॉन’ वापरायला लागले, तोही ढिला पडला. ‘प्रेझेंटली’चं तेच. ‘बाय अँड बाय’चंही तेच. 1611 च्या इंग्रजी बायबलमध्ये हेरोदियाची मुलगी राजापुढे नाचते आणि बक्षीस म्हणून बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं मस्तक मागते, ‘बाय अँड बाय’. आजचा वाचक समजेल, होईल सवडीने. तिला हवं होतं आत्ता, या क्षणी, तबकात घालून. शब्दाचा दोष नाही. माणूस ‘आत्ता करतो’ म्हणतो आणि उशिरा करतो, हे शेकडो वर्षं चाललं की शब्दकोशालाही ते मान्य करावं लागतं. आपल्या ‘लगेच’चं काय चाललंय ते तुम्हीच बघा.

मागच्या रांगेतून एका ताईंनी चिठ्ठी पाठवलीय: ‘इन फाइव्ह मिनिट्स’ म्हणजे पाच मिनिटांच्या आत की पाच मिनिटांनी? फार चांगला प्रश्न. मराठीतलं ‘पाच मिनिटांत येतो’ दोन्ही असू शकतं, आणि बहुतेकदा दोन्ही नसतं. इंग्रजीत पुढची गोष्ट सांगताना ‘इन’ म्हणजे साधारण पाच मिनिटांनी, तिथे खूण आहे. आत म्हणायचं तर ‘विदिन’. झालेल्या गोष्टीबद्दल मात्र ‘ही फिनिश्ड इट इन फाइव्ह मिनिट्स’ म्हणजे त्याला एवढा वेळ लागला, ती लांबी. तेव्हा समोरच्याने ‘आय विल कॉल यू इन ॲन अवर’ असं लिहिलं, तर लगेच फोन हातात धरून बसू नका. तासाभराने वाजेल.